इंजिनियर जेव्हा फेडरल न्यायाधीश होतो: हा रस्ता जातो तरी कुठून?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पेटंट विश्लेषणाचं काम करते, शिक्षणाने इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. अमेरिकेतल्या फेडरल सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाचे निकाल वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. देशभरातली पेटंटची अपिलं या एकाच न्यायालयात येतात. जोडीला माजी सैनिकांचे दावे, सरकारी कंत्राटं, आयातीचे तंटेही असतात. १९८२ साली स्थापना, १२ न्यायाधीश, इमारत व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकात.

गेल्या आठवड्यात 'अमेरिकन अ‍ॅक्सल विरुद्ध नीपको' हा जुना निकाल पुन्हा वाचला. पिकअप ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचं पेटंट आहे. पोकळ शाफ्टच्या आत लायनर (अस्तर) बसवायचा आणि तो असा 'ट्यून' करायचा, की दोन प्रकारची कंपनं एकाच वेळी कमी होतील: नळी वाकते ते, आणि नळीची भिंत आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलते ते. २०१९ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. बहुमत म्हणालं, हा तर नुसता हूकचा नियम (स्प्रिंगवर जेवढा जोर, तेवढी ती ताणली जाते), आणि निसर्गाच्या नियमावर पेटंट मिळत नाही. भिन्नमत न्यायाधीश किंबर्ली मूर यांचं. क्लेममध्ये, म्हणजे पेटंटमध्ये हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्यात, हूकच्या नियमाचं नावही नाही. कंपनं नेमकी कशाने कमी होतात हा पुराव्याने ठरवायचा प्रश्न आहे, तो अपिलात बसून न्यायाधीशांनी स्वतः कसा सोडवायचा, हा त्यांचा मुद्दा.

ते वाचताना मला सारखं वाटत होतं, या बाईंनी कधीतरी प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपसमोर तास घालवलेत. शोधलं तर खरंच! एमआयटीतून १९९० ला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी, १९९१ ला मास्टर्स, १९८८ ते ९२ नौदलाच्या संशोधन केंद्रात काम. मग जॉर्जटाउनमधून कायदा. २००६ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी न्यायाधीश. २०२१ पासून मुख्य न्यायाधीश.

तर माझे दोन प्रश्न. इंजिनियर त्या खुर्चीपर्यंत पोचतो कसा? आणि न्यायाधीश इंजिनियर असल्याने न्यायात खरोखर फरक पडतो का? माझी भाची मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे लॉ करायचं म्हणते. घरात सगळे 'चार वर्षं वाया घालवलीस' म्हणतायत. म्हणून जरा जास्तच जिव्हाळ्याने विचारतेय.

पावसाळी_ढग

वाचतोय. वेगळा विषय आहे, जाणकारांनी लिहा.

मधुरा_व्हर्जिनिया

निशिगंध, पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. बावीस वर्षं इथे आहे, नवरा आणि मी दोघंही पेटंटच्याच धंद्यात.

आधी एक गोष्ट. फेडरल न्यायाधीश व्हायला परीक्षा नाही आणि राज्यघटनेत पात्रताही लिहिलेली नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सेनेटची समिती जाहीर प्रश्न विचारते, सेनेट मतदान करते. त्यानंतर वर्तन चांगलं असेतो पद, म्हणजे व्यवहारात तहहयात. त्यामुळे 'अमुक कोर्स केला की न्यायाधीश' असा रस्ताच नाही. पण पायवाट मात्र स्पष्ट दिसते, कारण पुष्कळजण त्याच वाटेने गेलेत.

इथे पेटंट कार्यालयासमोर काम करायला वेगळी परीक्षा असते आणि तिला बसायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाचं शिक्षण लागतं. नुसता वकील असून भागत नाही. म्हणजे या एका कोपऱ्यात इंजिनियरला पहिल्या दिवसापासून मागणी. मग बरेचजण काय करतात, तर पदवी झाली की पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून लागतात. दिवसभर अर्ज तपासायचे, संध्याकाळी लॉ कॉलेज. रिचर्ड लिन बघ. १९६५ ला इलेक्ट्रिकल इंजिनियर, तीन वर्षं परीक्षक, १९६९ ला जॉर्जटाउनची कायद्याची पदवी, पुढे तीस वर्षं वकिली आणि मग फेडरल सर्किट. कारा स्टोल यांचंही तसंच. मिशिगन स्टेटमधून १९९१ ला इलेक्ट्रिकल, सहा वर्षं परीक्षक, १९९७ ला कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामधून कायदा, २०१५ ला न्यायाधीश. सेनेटमध्ये ९५-०. आजच्या अमेरिकेत कुठल्याही नावावर ९५-० होणं म्हणजे काय, हे इथल्यांना विचारा.

माझा नवरा परीक्षक होता तेव्हा कार्यालय क्रिस्टल सिटीत होतं. एका अर्जाला मोजून तास मिळायचे. तेवढ्यात जुनी पेटंटं शोधायची, क्लेममधला एकेक शब्द त्यांच्याशी ताडून बघायचा आणि नकार द्यायचा तर लेखी कारणासह. तो म्हणतो, निकाल लिहायची सवय खरं तर तिथेच लागते.

दुसरा टप्पा लॉ क्लार्कचा. क्लार्क म्हणजे कारकून नव्हे हं! नुकताच पास झालेला हुशार वकील एक-दोन वर्षं न्यायाधीशांच्या हाताखाली काम करतो, कागद वाचतो, मसुदे करतो. मूरबाई १९९५ ते ९७ तेव्हाचे मुख्य न्यायाधीश ग्लेन आर्चर यांच्याकडे होत्या. स्टोल आल्विन शॉल यांच्याकडे. टिफनी कनिंगहॅम (एमआयटी, केमिकल इंजिनियरिंग, १९९८) टिमथी डाइक यांच्याकडे, आणि २०२१ पासून त्याच न्यायालयात त्यांच्या शेजारी बसतात.

भाचीला सांग, चार वर्षं वाया गेली नाहीत. इथे तरी ती प्रवेशाची किल्ली ठरली असती.

वकीलसाहेब_नगर

मधुराताई, माहिती उत्तम. पण मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर माझं मत उलट आहे.

न्यायाधीशाने पुराव्यावर निकाल द्यायचा असतो, स्वतःच्या डोक्यातल्या ज्ञानावर नाही. साक्षीदार तज्ज्ञ असेल तर मी त्याची उलटतपासणी घेऊ शकतो. खुर्चीत बसलेल्याची कशी घेऊ? त्याने वीस वर्षांपूर्वी कॉलेजात जे शिकलं ते आज जुनं झालेलं असेल, आणि त्याला ते माहीतही नसेल. 'मला यातलं कळतं' असं वाटणारा न्यायाधीश कमी ऐकतो, हा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ११५ खाली न्यायालयाला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमता येतो. तो मार्ग स्वच्छ. सल्लागार उघडपणे येतो, काय म्हणाला ते कळतं.

आणि निशिगंधताई, तुम्ही दिलेल्या उदाहरणातही मूरबाई 'मला इंजिनियरिंग येतं' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, हा प्रश्न पुराव्याचा आहे. म्हणजे माझंच म्हणणं!

चाकणचा_टर्नर

शाफ्टचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी फक्त वाचत असतो.

मी प्रोपेलर शाफ्टच्या लाइनवर अकरा वर्षं आहे. मोकळी नळी दोन ठोकळ्यांवर ठेवून हातोडीने हलकेच टोकली, की टणण्ण आवाज होतो आणि घुमत राहतो. तीच नळी आत पुठ्ठ्याचा लायनर घालून टोकली, की ठप्प. हो, पुठ्ठाच. गुंडाळी करून दाबून सरकवतात. हे फार जुनं आहे, ते पेटंटवालेही नाकारत नसतील.

पण लायनर कुठे बसवायचा, किती जाड, किती घट्ट, यावर सगळं असतं. सैल झाला तर आतल्या आत खुळखुळतो, फार घट्ट झाला तर सरकवतानाच फाटतो. एकदा आमच्याकडे नव्या गाडीच्या शाफ्टचा एका ठराविक वेगाला गुंगुं आवाज यायचा. इंजिनियर लोकांनी लायनर दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे करत तीन आठवडे काढले. सूत्र सगळ्यांना पाठ होतं. हूकचा नियम तर बारावीच्या पोरालाही येतो. तरी तीन आठवडे लागले. म्हणून 'हा नुसता हूकचा नियम' हे वाचून मला जरा वाईट वाटलं. (आमच्या शॉपवर हूकचा नियम एकच: क्रेनचा हूक तपासल्याशिवाय माल उचलायचा नाही.)

कायदा मला कळत नाही. पण निकाल देणाऱ्याने एकदा ती नळी टोकून बघितली असती तर बरं झालं असतं.

निशिगंध

टर्नरदादा, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर लावणार आहे. तो तीन आठवड्यांचा शोधच खरा वादाचा मुद्दा होता. बहुमताचं म्हणणं असं, की 'ट्यून करा' एवढंच क्लेममध्ये आहे, कसं करायचं ते नाही. म्हणजे फळ मागितलं, झाड दाखवलं नाही. मला मूरबाई पटतात, पण समोरची बाजू पोकळ नाही हे मान्य करायला हवं. २०२० मध्ये बहुमताने आपला निकाल थोडा बदलून एक क्लेम खालच्या न्यायालयाकडे परतही पाठवला.

वकीलसाहेब, तुमच्यासाठी पुढची गोष्ट. हे प्रकरण सगळ्या १२ न्यायाधीशांनी पुन्हा ऐकावं असा अर्ज झाला. मतं ६-६. समसमान म्हणून अर्ज फेटाळला. त्यात तीन इलेक्ट्रिकल इंजिनियर होते: मूर, स्टोल आणि रेमंड चेन (यूसीएलए, १९९०). मूर आणि स्टोल एका बाजूला, चेन दुसऱ्या! तिघांची पदवी एक, वर्षंही जवळपास तीच. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तेव्हा पदवी उत्तर देत नाही, हे तर उघड आहे. मग ती काय देते, हे मला कळून घ्यायचंय.

अनुराधा_ठाणे

अवांतर होईल, पण 'फेडरल न्यायाधीश' वाचून मला आपलंच आठवलं. भारतातही १९३७ ते १९५० फेडरल कोर्ट होतं, सर्वोच्च न्यायालयाच्या आधीचं. पहिल्या तीन न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपल्यापैकी कितीकांनी डुलक्या काढल्या असतील!

आणि त्याच पहिल्या तिघांतले शाह मुहम्मद सुलेमान. हे गृहस्थ न्यायदानाबरोबर गणितात रमायचे आणि १९३० च्या दशकात त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला पर्यायी सिद्धांत मांडून तो प्रसिद्ध केला होता. सिद्धांत टिकला नाही. पण दिवसा खटले आणि रात्री समीकरणं, हे चित्र मला फार आवडतं.

पावसाळी_ढग

अनुराधाताई, हे माहीतच नव्हतं! धाग्याचं सोनं झालं.

गोंयकार_७२

सगळे पेटंटवरच बोलताय. साध्या जिल्हा पातळीच्या फेडरल न्यायालयातही तांत्रिक शिक्षण झालेले आहेत. टी. एस. एलिस, व्हर्जिनियाचे. प्रिन्स्टनमधून १९६१ ला एरोस्पेस, मग नौदलात वैमानिक, मग हार्वर्ड लॉ, १९८७ ला न्यायाधीश. ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफर्ट यांचा २०१८ चा खटला यांच्याचसमोर चालला. न्यूयॉर्कचे अरुण सुब्रमण्यन, कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स आणि इंग्रजी दोन्ही विषय, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे क्लार्क, २०२३ पासून न्यायाधीश. त्यांच्यासमोर गाणाऱ्यांचे आणि तिकीटवाल्यांचे खटले येतात, इलेक्ट्रॉनिक सर्किटचे नव्हे.

म्हणजे इंजिनियर न्यायाधीश झाला तरी जन्मभर सर्किटच बघत बसत नाही. चोरी, करार, कामगार, सगळं येतं. निशिगंध, तुझ्या भाचीने हेही ध्यानात घ्यावं. तिला माणसांची भांडणं ऐकायला आवडतात का?

स्लॅबवाले_काका

वकीलसाहेबांच्या मुद्द्यावर एक अनुभव. मी सिव्हिल इंजिनियर, आता निवृत्त. एका सोसायटीच्या बाजूने साक्ष द्यायला जिल्हा न्यायालयात गेलो होतो. स्लॅबला भेगा, पाणी गळतंय. बांधणाऱ्याच्या वकिलाने २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासतात ती) कागद पुढे केले. एम-२० काँक्रीट, सगळे ठोकळे पास. कागद चोख. माझी साक्ष तिथेच लंगडी पडली असं मला वाटलं. मी सिमेंट, पाणी, क्युरिंग असं बरंच काही सांगत होतो, पण कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. बीए करून एलएलबी, हे पुढे कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हा ठोकळा आणि तो स्लॅब एकाच घमेल्यातले, हे कशावरून?"

न्यायालयात शांतता. कारण ठोकळे कोणी भरले, कधी भरले, तेव्हा कोण हजर होतं, याची नोंद कुणाकडेच नव्हती. त्यांनी प्रत्यक्ष स्लॅबमधून कोअर (नळकांड्यासारखे तुकडे) कापून तपासायचा आदेश दिला. सहा कोअर काढले. चार नापास.

तीस वर्षांच्या अनुभवानंतरही तो प्रश्न मला सुचला नव्हता. मी कागदावरच्या आकड्यांशी भांडत बसलो होतो.

मधुरा_व्हर्जिनिया

काका, अंगावर काटा आला.

निशिगंध, यावरून आठवलं. मूरबाई प्राध्यापक असताना त्यांनी एक अभ्यास केला होता, २००१ साली प्रसिद्ध झाला. जिल्हा न्यायाधीश पेटंटच्या शब्दांचा अर्थ लावतात त्यात किती चुका होतात? अपिलात गेलेल्या प्रकरणांपैकी ३३ टक्क्यांत अर्थ चुकलेला निघाला. म्हणजे इंजिनियरने न्यायालयाकडे बघितलं तेही आधी मोजूनच! मला त्यांच्या वाटचालीतला हा भाग सगळ्यात आवडतो. त्या न्यायाधीश झाल्या त्या पदवीमुळे नव्हे. नऊ वर्षं शिकवलं, लिहिलं, आपलं म्हणणं आकड्यांनी मांडलं आणि लोकांना ते वाचावं लागलं.

पॉलीन न्यूमन यांचंही नाव यायला हवं. इंजिनियर नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ. १९५२ ला येलची पीएचडी, कंपनीत नोकरी करत १९५८ ला कायदा, आणि १९८४ ला फेडरल सर्किट. शाफ्टच्या प्रकरणात त्याही मूरबाईंच्याच बाजूला होत्या. २०२३ पासून मात्र त्यांना नवी प्रकरणं देणं थांबवलंय. नव्वदी ओलांडलेल्या न्यायाधीशांच्या तब्येतीच्या चौकशीचा वाद आहे, आणि चौकशी सुरू करणाऱ्या मुख्य न्यायाधीश मूरबाईच. दोघींचंही लिखाण वाचत आलेल्या माझ्यासारखीला हे फार जड जातं. त्यावर इथे भांडण नको, पण तहहयात पदाची ही बाजूही आहे.

तिसरं_वर्ष_मेक

मी सांगलीत मेकॅनिकल करतोय, तिसरं वर्ष. अमेरिका दूर राहिली. भारतात असं काही होऊ शकतं का? प्लीज सांगा.

वकीलसाहेब_नगर

होऊ शकतं, पण ठरवून होत नाही, हे आधीच सांगतो.

तुझ्या हातात असलेलं एक दार म्हणजे पेटंट एजंट. भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी. वकील असण्याची गरज नाही. परीक्षा पास झालास की पेटंट कार्यालयासमोर अर्ज चालवू शकतोस. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे. न्यायालयात उभं राहायचं तर मात्र एलएलबी हवी, पदवीनंतरची तीन वर्षांची. कॉलेज करता करता एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे बस, कागद लावायला शिक.

न्यायाधीश व्हायला दोन वाटा. खालून गेलास तर एमपीएससीची दिवाणी न्यायाधीश परीक्षा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झालीय. मला तो निर्णय योग्य वाटतो. वरून, म्हणजे उच्च न्यायालयात वकिलांतून थेट, तर किमान दहा वर्षं वकिली आणि मग कॉलेजियमच्या नजरेत यावं लागतं. तिथे तुझ्या बीईच्या मार्कांना कुणी विचारणार नाही. तुझे युक्तिवाद बघतील.

आता काकांच्या प्रतिसादाबद्दल. मी माझं मत थोडं बदलतो. अमेरिकेतलं मार्कमन प्रकरण बघा, १९९६ चं, सर्वोच्च न्यायालयाचं. पेटंटच्या शब्दांचा अर्थ ज्यूरीने नव्हे, न्यायाधीशाने लावायचा, हे त्यात ठरलं. आणि वाद कशाचा होता? लाँड्रीचा! ड्रायक्लीनिंगला आलेला कपडा आत येण्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत कुठे आहे, याचा माग ठेवणारी यंत्रणा. सगळं अडलं 'इन्व्हेंटरी' या एका शब्दावर. त्यात कपडे धरायचे की नुसते पैशांचे हिशेब चालतील? ज्यूरी म्हणाली उल्लंघन झालं, न्यायाधीशाने ते फिरवलं, कारण समोरच्याची यंत्रणा कपड्यांचा मागच ठेवत नव्हती.

म्हणजे ज्याने लाँड्रीत उभं राहून पाहिलंय, की चिठ्ठी एकीकडे आणि शर्ट दुसरीकडे जाऊ शकतो, त्याला हा फरक चटकन दिसेल. काकांच्या न्यायाधीशबाईंनाही तेच दिसलं, चिठ्ठी वेगळी आणि वस्तू वेगळी. ते दिसायला बीई लागत नाही. पण चार वर्षं वर्कशॉप आणि लॅबमध्ये काढून दिसत असेल, तर ती वर्षं वाया गेली असं मीही म्हणणार नाही.

चाकणचा_टर्नर

तिसरं_वर्ष, शिकताना सुट्टीत एखाद्या कारखान्यात जा. नुसतं रिपोर्टपुरतं नको. मशीनवाल्याला विचारत जा, हे असंच का करता. आम्हाला विचारलेलं आवडतं.

तिसरं_वर्ष_मेक

धन्यवाद सर्वांना. पेटंट एजंटचं आजच वाचायला घेतो. टर्नरदादा, मेसेज करू का?

चाकणचा_टर्नर

कर की.

निशिगंध

काल भाची जेवायला आली होती. हा धागा तिला मोठ्याने वाचून दाखवला, आईलाही ऐकवला. भाचीने गोंयकारांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, विचार करते म्हणाली. काकांचा घमेल्याचा प्रश्न मात्र आईने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, त्या न्यायाधीशबाईंना विचारलं पाहिजे, हे सुचलं कसं.

जेवण झाल्यावर भाचीने मूरबाईंचं भिन्नमत मागितलं. आकृत्या आधी बघितल्या, शाफ्टचा छेद, लायनर, कंपनांच्या रेषा. मग पेन्सिल घेतली आणि पहिल्याच पानावर 'ट्यूनिंग' या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलं: "कोण करतो? कशावरून झालं म्हणायचं?" ते पान मी परत घेतलेलं नाही, तिच्याकडेच आहे.